कौल उजवा आला की मानायचा, डावा आला की पुन्हा विचारायचा?

अंत्रुजकर (धागाकर्ता)
आमच्या फोंडा भागात लग्न, घर, जमिनीची वाटणी, काहीही अडले की देवळात प्रसाद, म्हणजे देवाचा कौल, घेतात. ज्यांना पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी: भट देवाच्या मूर्तीवर पाण्याने पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

मी लहानपणापासून पाहतोय, डावा आला की प्रश्न बदलतो. 'हे स्थळ करावे का'चे 'यंदा करावे का' होते. उजवा आल्यावर मात्र प्रश्न बदललेला मी कधी पाहिला नाही.

श्रद्धाळू माणूस पुरावा बघत नाही, असे सरसकट म्हणतात. मला ते पटत नाही. तो बघतो, पण नको असलेला पुरावा कसून आणि हवा असलेला डोळे झाकून. न्यायदर्शनात ज्ञान मिळवण्याच्या चार वाटा सांगितल्या आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे, विश्वासू जाणत्याचे सांगणे. आपला बहुतेक धर्म या चौथ्या वाटेने येतो. मग आप्त कोण, हे तुम्ही कसे ठरवता? आणि काय घडले तर सोडून द्याल, हे आधी सांगायची तयारी आहे का?

धोंड_डिचोली
मी लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरणारा भक्त. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत शिरगावला निखाऱ्यांवरून चालतो. पाय माझे, निखारे खरे. यात कुठला आप्त आला? तुमच्या चारांतली पहिलीच वाट आहे ही.

वास्कोचा_अभियंता
निखारे म्हणजे कोळसा आणि वर राखेचा थर. दोन्हींतून उष्णता हळू वाहते, आणि पाय क्षणभरच टेकतो. देवीला न मानणाराही नीट, न थांबता चालला तर बहुधा पार होईल. धातूच्या तापलेल्या पत्र्यावरून चालून दाखवा, मग बोलू.

धोंड_डिचोली
मला फिजिक्स शिकवू नका, बारावी सायन्स आहे. राख काय करते ते ठाऊक आहे. तरी दरवर्षी सोवळे पाळतो, व्रत धरतो, तळीवर आंघोळ करून वेताची काठी घेऊन उभा राहतो. प्रयोगशाळेत गेल्यासारखा कोणी जत्रेला जातो का? मी देवीला पारखायला जात नाही, मला पारखून घ्यायला जातो.

अंत्रुजकर
छान बोललात. पण मग 'निखारे खरे' हा पुरावा म्हणून पुढे का केलात?

माहेर_केळशी
सगळे पुरुष प्रमाणांवर भांडताहेत. एक साधी गोष्ट सांगते. लग्नाआधी माझी कुलदेवता शांतादुर्गा. अक्षता पडल्या आणि मंगेश झाला. मला कोणी कौल लावून विचारले नाही, पुरावा दाखवला नाही. आणि आज मंगेशीच्या दीपमाळेसमोर उभी राहिले की डोळे भरून येतात, तेही खरेच. म्हणजे मी ठरवले कधी? आधी वागायला लागले, मानणे मागून आले. बहुतेक देवळांत महाजनकी, म्हणजे कारभाराचा हक्क, पुरुषांची, श्रद्धेची बदली मात्र आम्ही करायची! (हा वेगळ्या धाग्याचा विषय, सोडते.)

अंत्रुजकर
हेच तर. लग्न दुसऱ्या घरात झाले असते तर डोळे दुसऱ्या देवळात भरले असते.

कुठ्ठाळीचा_शेणवी
इतके स्वस्त करू नका. 1560 च्या सुमारास, पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या काळात, आमचा मंगेश कुठ्ठाळीहून जुवारी नदी ओलांडून प्रियोळला नेला. धर्म बदलला असता तर घर, शेत, भाट (माडांची बाग) राखता आले असते. लोकांनी ते टाकले आणि देव उचलला. 'हवे तेच मानतात' हा तुमचा सिद्धांत इथे बसवून दाखवा. त्यांना हवे ते सगळे नदीच्या या बाजूला होते.

अंत्रुजकर
मुद्दा बिनतोड आहे, त्या पिढीपुरता. पण मागे राहून ख्रिस्ती झाले त्यांची नातवंडे तितक्याच मनापासून चर्चमध्ये मास (मिस्सा) ऐकू लागली. मूळ पुरुष एक, गाव एक, एका रात्री दोन भावांनी दोन निर्णय घेतले आणि पुढच्या दहा-पंधरा पिढ्यांना आपापले सत्य 'आतून' कळले. फातर्प्याच्या देवीच्या छत्र्यांच्या मिरवणुकीत कुंकळ्ळीचे हिंदू आणि ख्रिस्ती गांवकर (गावची मूळ घराणी) दोघेही असतात, ते का?

बार्देशचा_जुझे
मराठी शाळेत शिकलोय, चुका संभाळून घ्या. आमच्याकडे तरी मानण्याआधी चौकशी असते. संतपद द्यायचे तर चमत्कार लागतो, डॉक्टर तपासतात, हरकती घेतात. कोणाच्याही पाकळीवर काम चालत नाही.

वास्कोचा_अभियंता
बाणावलीच्या पाद्री जुझे वाझला पोप फ्रान्सिसनी 2015 मध्ये संत केले, तेव्हा दुसऱ्या चमत्काराची अट माफ केली होती. प्रश्न बदलायची सोय तुमच्याकडेही आहे.

बार्देशचा_जुझे
माफ केली, पण उघडपणे सांगून. आणि खरे सांगू? गोव्याने वाझना संत मानायला रोमची वाट पाहिलीच नव्हती. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, हिंदू तेल वाहतात, ती लईराईची बहीण म्हणून. यातले काहीही आमच्या कातेसिझमात (धर्मशिक्षणात) नाही आणि तुमच्या पुराणातही नाही. फेस्ताला (चर्चच्या सणाला) मात्र दोघेही रांगेत. 2024 मध्ये गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, शवाची डीएनए चाचणी करा अशी मागणी झाली, केवढा संताप झाला! समजा केली आणि निकाल वेगळा आला, तर माझी आई रांगेतून घरी जाईल असे वाटते तुम्हाला?

अंत्रुजकर
नाही वाटत. माझीही जाणार नाही. माझी तक्रार तीच आहे.

कुठ्ठाळीचा_शेणवी
तुमची सुरुवातच चुकली. कौल हा सत्य शोधायला नसतो, निकाल लावायला असतो. दोन भाऊ वर्षानुवर्षे कोर्टात भांडतात आणि देवळात अर्ध्या तासात गप्प होतात.

वास्कोचा_अभियंता
मग नाणे उडवा. भटाची दक्षिणा वाचेल.

कुठ्ठाळीचा_शेणवी
नाण्यापुढे खोटे बोलायला कोणी घाबरत नाही. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या घंटेची आख्यायिका ऐकली असेल. एरवी तिला लोलक नसे. कोणाला साक्ष द्यायची असली की लोलक बसवून ती वाजवायची. खोटी साक्ष देणारा तीन दिवसांत मरतो, हा समज. पोर्तुगीज काळातही ती साक्ष ग्राह्य धरत, असे सांगतात. श्रद्धेने काम केले की नाही?

अंत्रुजकर
घाबरणाऱ्यावर केले. निगरगट्ट माणूस खोटे बोलला आणि चौथ्या दिवशीही जिवंत राहिला, की त्याचे खोटे देवीच्या नावाने खरे ठरले. त्या साक्षीत ज्याचे भाट गेले, त्याने कोणाला विचारायचे?

माहेर_केळशी
त्याने पुन्हा कौल लावला असेल.