मदत हवी आहे: वेट आणि व्हेट पोरांना वेगळे ऐकूच येत नाहीत

नमस्कार मंडळी, मी सहावीला इंग्रजी शिकवते, खेड्यातली शाळा, पट १९. सध्या जोड्यांचा खेळ घेतेय, म्हणजे एकाच आवाजाचा फरक असलेले दोन शब्द, शिप-शीप, पेन-पॅन असे, पहिला ऐकू आला तर डावा हात वर, दुसरा आला तर उजवा. डोळे मिटून हं, नाहीतर सगळी पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बघून हात वर करतात. नेटवर मिळालेल्या याद्यांत राइट-लाइट, राँग-लाँग अशाच जोड्या भरल्यात, त्या जपानी मुलांना ठीक आहेत, आपली पोरं र आणि ल मध्ये कशाला अडकतील! थ्री-ट्री पण एका फटक्यात, आपल्याकडे थ आणि ट वेगळेच ना. पेन-पॅन जमलं, कारण बॅट या शब्दातला ॲ पोरांच्या रोजच्या तोंडातला.

गाडी अडलीय ती व पाशी. वेट म्हणजे ओलं, व्हेट म्हणजे गुरांचा डॉक्टर. वीसदा ऐकवलं की दहाएक बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. त्यात आपण व्ही ला व्ह लिहितो त्यामुळे पोरं चक्क ह घालतात, व्हॅन म्हणताना फुंकर मारल्यासारखं. मग आरसा आणला, वेट ला ओठांचा चंबू, व्हेट ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायची. बघून जमतं, मी पाठ फिरवून बोलले की परत गोंधळ. आणि कबूल करते, मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं तर माझेही दोन्ही शब्द सेम!

कान तयार आहेत हो त्यांचे. जग म्हणजे दुनिया आणि पाण्याचा जग, लिहायला एकच, पण बोलताना कुणी चुकत नाही, हे दाखवलं तर अख्खा वर्ग तोंडातल्या तोंडात जग जग करत बसला.

तर विचारायचंय की, माझ्याच तोंडात फरक नसेल तर फक्त रेकॉर्डिंगवर शिकवावं का, आणि एकच आवाज बरा की चारपाच जणांचे? आधी नुसतं सारखे की वेगळे एवढंच विचारावं का? घरचे म्हणतात सोड की, आपल्याकडे बरेच जण एकच व बोलतात, कुणाचं काय अडलंय. तेही थोडं पटतं, म्हणून हा व सोडून शिप-शीप वरच वेळ घालवू का?

पोरांना अर्थ माहीत असलेल्या व च्या जोड्या असतील तर प्लीज द्या. व्हाइन-वाइन सोडून, वेल म्हणजे व्हाइन ठीक आहे, पण दुसऱ्याचं चित्र फळ्यावर काढलं तर पालकसभेत मलाच उभं करतील.