न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला राहायला चाललोय. तिथलं रोजचं जगणं कसं आहे?

सईची_आई (एप्रिल २०१४)

नमस्कार. नवरा सिव्हिल इंजिनियर आहे. क्राइस्टचर्चमध्ये भूकंपात फुटलेल्या सांडपाण्याच्या वाहिन्या बदलायचं काम चालू आहे, त्यात त्याला नोकरी मिळालीय. जुलैत आम्ही तिघं पुण्याहून निघतोय. सई सात वर्षांची आहे.

व्हिसा, शाळा, पगार हे सगळं विचारून झालं. माझा प्रश्न वेगळा आहे. रात्री सई झोपली की मी तिथले फोटो बघत बसते. गावाच्या मध्यावर खडी टाकलेले मोकळे प्लॉट, जाळीची कुंपणं आणि क्रेन. तिथली माणसं संध्याकाळी जातात कुठे? मुलांना घेऊन काय करतात? सासूबाई म्हणतात, जिथे एवढी माणसं गेली तिथे लेकराला कशाला नेताय. त्यांना काय सांगू ते मला कळत नाही.

दक्षिणवारा

आधी घराचं बघा. भाडी चढलेली आहेत आणि चांगली घरं पटकन जातात. घर बघताना दुरुस्ती झालीय का, भिंतींत आणि छतात थंडीसाठी अस्तर आहे का, घर गरम करणारा हीटपंप आहे का, एवढं नक्की विचारा. जमिनीची प्रतही विचारा. टीसी १ सगळ्यात भक्कम, टीसी ३ सगळ्यात कच्ची. जुलै म्हणजे ऐन थंडी. पुस्तकांचं उंच कपाट असेल तर भिंतीला स्क्रूने बांधून घ्या. बाकीचं एव्हनकाठी सांगतील, त्या पहिल्यापासून इथे आहेत.

एव्हनकाठी

सईची आई, मी इथे २००८ पासून आहे. ४ सप्टेंबर २०१० चा पहाटेचा भूकंप आणि २२ फेब्रुवारी २०११ चा दुपारी १२:५१ चा, दोन्ही इथेच अनुभवले. दुसऱ्यात १८५ माणसं गेली. सासूबाईंची भीती खरी आहे, ती खोडून काढू नका. मला आजवर सगळ्यांनी "आता हलत नाही ना?" एवढंच विचारलं. संध्याकाळी कुठे जाता, असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर एव्हन नदीच्या वळणावर होतं. तिथली जमीन वाळूची आणि पाणी अगदी वर. हादरा बसला की वाळू आणि पाणी एक होतं आणि मिळेल त्या फटीतून उसळून वर येतं. कालवलेल्या सिमेंटसारखा राखाडी गाळ, अंगणात घोटाभर. विद्यापीठातली पोरं फावडी आणि हातगाडे घेऊन गल्लीगल्लीतून फिरत होती. सहा जणांनी दुपारभर खपून आमचं अंगण उपसलं. मी बाहेर गॅसच्या शेगडीवर पोहे केले, बाटलीतलं पाणी जपून वापरत. एकाने तिसऱ्यांदा ताटली पुढे केली तेव्हा त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसले.

पुढे कित्येक आठवडे घरात संडास चालत नव्हता. परसात खड्डा, मग रस्त्यावरचा निळा फिरता संडास, भर पावसात छत्री घेऊन रांग. ज्या दिवशी घरातला फ्लश ओढल्यावर पाणी खरंच निघून गेलं, त्या दिवशी मी शिरा केला आणि चार घरी वाटला. शेजारच्या आजींना शिरा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण कशासाठी केलाय ते त्यांना न सांगता कळलं.

आता संध्याकाळचं. कॅशेल स्ट्रीटवर जहाजी कंटेनरांचा बाजार आहे, लाल, निळ्या, पिवळ्या रंगांचा. ऑक्टोबर २०११ मध्ये तो उघडला तेव्हा आजूबाजूला सगळी पाडापाड चालू होती. एका कंटेनरमध्ये कॉफी, दुसऱ्यात पुस्तकं, वर गच्चीसारखी जागा. आम्ही बहुतेक शुक्रवारी जातो. नोव्हेंबरपासून ट्राम पुन्हा सुरू झालीय. न्यू रीजंट स्ट्रीटवरच्या फिक्या गुलाबी आणि निळ्या घरांमधून ती घंटा वाजवत जाते. माझ्या मुलाला ट्रामपेक्षा क्रेन आवडतात. तो त्या मोजतो आणि आकडा वहीत लिहून ठेवतो.

पण सईला सगळ्यात आधी न्याल ते डान्स-ओ-मॅटला. रिकाम्या प्लॉटवर लाकडी फळ्यांची जमीन आणि धुलाईकेंद्रातलं एक जुनं वॉशिंग मशीन. त्यात दोन डॉलर टाकायचे, आपला फोन जोडायचा, की स्पीकर आणि दिवे सुरू. पाडलेल्या इमारतींच्या जागांवर असं काहीतरी उभं करणारी गॅप फिलर नावाची मंडळी आहेत, हे त्यांचंच काम. गेल्या ऑक्टोबरमध्ये, नवरात्रात, आम्ही पाच-सहा मराठी घरं तिथे भोंडल्याला जमलो. पाट कुणाकडेच नव्हता, मग फळ्यांवर खडूने हत्ती काढला. दोन ओळींतच रस्त्यावरची अनोळखी माणसं फेरात आली. नारिंगी जाकीट घातलेला एक बांधकाम कामगार सगळ्यात मन लावून फिरत होता. खिरापत ओळखायच्या वेळी त्याने "चिकन" सांगितलं आणि सगळ्या बायका हसून खाली बसल्या. पुण्यात इतकी वर्षं भोंडला खेळले, पण असा कधी झाला नव्हता.

दगडी कॅथेड्रल अजून मोडलेलं उभं आहे, त्याचं काय करायचं यावर गाव भांडतंय. तोवर पुठ्ठ्याच्या जाड नळ्या वापरून नवं कॅथेड्रल बांधलंय. ते आखणारे जपानी वास्तुकार शिगेरू बान, त्यांना गेल्याच महिन्यात वास्तुकलेतला मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार जाहीर झाला. सकाळी आत जाऊन बसा. जवळच एका मोकळ्या जागेत १८५ पांढऱ्या खुर्च्या मांडल्यात, एकीसारखी दुसरी नाही. त्यांत बाळाची कारमधली सीटसुद्धा आहे. तिथे सईला न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी माझ्या मुलाला नेलं. त्याने विचारलं तेवढंच मी सांगितलं.

हादरे आता क्वचित येतात. आला की घरात सगळे एकदम आकडा ओरडतात, "चार पॉइंट एक!", "नाही, तीन पॉइंट आठ!", आणि मग जिओनेट या भूकंपांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर बघायचं कोण जिंकलं. मुलांची भीती त्यातच बरीच विरली.

औसेकर

ताई, मी किल्लारीजवळचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीच, भूकंपात आमचं गाव गेलं. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, मग नवं गाव मिळालं. रुंद, सरळ रस्ते, लांब लांब घरं. घरं पक्की होती, पण बसायला पार नव्हता. म्हातारी माणसं चालत जुन्या गावच्या लिंबाखाली जाऊन बसायची आणि दिवेलागणीला परत यायची. कुणीतरी नव्या चौकात चहाची टपरी टाकली, तिच्यापुढे चार दगड ठेवले, तेव्हा आमच्या आजोबांनी तिकडे जाणं कमी केलं. तुमचं वॉशिंग मशीन वाचून मला ते चार दगड आठवले. तुमचं जुनं घर आहे का अजून?

एव्हनकाठी

नाही, औसेकर. नदीकाठचा तो सगळा भाग जून २०११ मध्ये रेड झोन ठरला. तिथली जमीन पुन्हा बांधण्याजोगी नाही म्हणून सरकारने घरं विकत घेतली. सगळा रेड झोन धरला तर सुमारे ८००० घरं. आमचं २०१२ मध्ये दिलं, गेल्या वर्षी पाडलं. आता तिथे नुसतं गवत आहे. पण झाडं राहिलीत, आणि ओळीने असलेल्या झाडांवरून कुणाचं परस कुठे होतं ते मी अजून सांगू शकते. आमचा आलुबुखार त्यातच आहे. दर जानेवारीत बादली घेऊन जातो. शेजारच्या आजी आता दुसऱ्या टोकाला राहतात, त्याही येतात, त्यांच्या सफरचंदांचं बघायला. पिकलेले त्या जॅमला नेतात, कच्चे आंबट मी आमटीत घालते, आमसुलाच्या जागी.

सईची_आई

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. खुर्च्यांचं ऐकून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आंबट फळं आमटीत घालते म्हणजे बाई घर चालवणारी आहे." भोंडल्याला पाट लागेल तर आमच्याकडचा सागवानी आहे, तो आणू का, असं विचारतायत.

एव्हनकाठी

पाट जरूर आणा, पण विमानतळावर उतरताना भरून द्यायच्या कार्डावर लाकडी वस्तू लिहा, आणि गोडा मसाला आणाल तर तोही. इथले तपासणारे फार कडक आहेत. जुलैत झाड उघडंबोडकं असेल. आमटीसाठी फ्रीझरमध्ये दोन डबे काढून ठेवलेत.