दुकानातला झेंडा आणि गिऱ्हाइकाचा नकार

हिशेबनीस (धागाकर्ता)

परवा 'मुळाकाठ' यांनी येथे एक टिपण लिहिले. ज्या दुकानाच्या किंवा उपाहारगृहाच्या दर्शनी भागात पक्षाचा झेंडा, चिन्ह किंवा नेत्याचे छायाचित्र दिसेल तेथे आपण यापुढे पाय ठेवणार नाही, आणि सुज्ञ ग्राहकांनीही तसेच करावे, म्हणजे व्यापारी वठणीवर येतील, असा त्याचा आशय होता. त्याखाली 'अगदी मनातले बोललात' म्हणणाऱ्यांची जी रांग लागली ती पाहून गप्प बसवेना, म्हणून हा वेगळा धागा.

माझे सारे आयुष्य लहान व्यापाऱ्यांच्या वह्या लिहिण्यात गेले. गल्ल्यामागच्या भिंतीवरचे छायाचित्र हे मालकाचे मत असते असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या वहीतले 'किरकोळ खर्च' हे खाते एकदा उघडून पाहावे. गणपतीची वर्गणी, दहीहंडीची वर्गणी, जयंत्यांची वर्गणी, प्रभागातल्या क्रिकेट स्पर्धेच्या चषकाचे पैसे आणि नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'शुभेच्छुक' म्हणून तळाशी बारीक अक्षरांत नाव छापल्याचे पैसे, हे सगळे तेथे सापडते. नाव छापण्याआधी विचारण्याची रीत नाही. फ्लेक्स लागल्यावर पावती येते. पुढे कधीतरी तीच मंडळी चौकटीत बसवलेले छायाचित्र घेऊन येतात, भिंतीवर मोकळी जागा कोठे आहे ते स्वतःच पाहतात आणि खिळाही स्वतःच ठोकतात. आपण ज्याला मतप्रदर्शन म्हणता ते पुष्कळदा घरपट्टीसारखे भरलेले असते. अशा माणसाचे गिऱ्हाईक तोडून आपण नेमके कोणाला वठणीवर आणणार? ज्याने छायाचित्र लावायला लावले त्याला तर आपण गेल्याचे कळणारही नाही.

मुळाकाठ

धागा माझ्यावरच काढलेला असल्यामुळे उत्तर देणे भाग आहे. हिशेबनीसांनी दाखवलेली खाती खरी असतील, पण माझ्या टिपणातला मुख्य प्रसंग त्यांनी सोयीस्करपणे गाळला. घराजवळच्या एका उपाहारगृहात मी कित्येक वर्षे रविवारी सकाळी मिसळ खायला जात असे. मालकांनी भिंतीवर नेत्याचे छायाचित्र लावले तेव्हा मी काही बोललो नाही. मग दूरचित्रवाणी संच आला आणि त्यावर दिवसभर एकच वृत्तवाहिनी ओरडू लागली. त्यानंतर गल्ल्यापाशी, दुसऱ्या पक्षाला मत देणारे देशद्रोही आहेत अशा अर्थाची छापील पाटी आली. निदान आवाज तरी कमी करावा असे मी सुचवले, तेव्हा 'पटत नसेल तर दुसरीकडे जा' असे उत्तर मिळाले. मी दुसरीकडे गेलो. मालकांचीच सूचना पाळणाऱ्या माणसाने अन्याय केला म्हणायचा असेल तर माझा नाइलाज आहे. ती पाटी कोणत्या कार्यकर्त्याने खिळा ठोकून लावली होती, तेवढे मात्र आपल्या किरकोळ खर्चाच्या खात्यात पाहून सांगावे.

हिशेबनीस

मिसळीच्या मालकांविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी ते उत्तर दिल्यावर मीही उठलो असतो. पण आपले टिपण त्या पाटीपुरते नव्हते. त्यात झेंडा, चिन्ह आणि छायाचित्र अशी सरसकट यादी होती, आणि 'सुज्ञ ग्राहकांनी' असा उपदेश होता. एका उद्धट माणसाचा राग अख्ख्या बाजारपेठेवर काढायचा आणि हरकत घेतली की पुन्हा त्याच माणसामागे जाऊन उभे राहायचे, याला युक्तिवाद म्हणत नाहीत.

कापडबाजार

नगरच्या कापडबाजारात आमची पेढी आजोबांपासून आहे. मागच्या एका निवडणुकीत तीन पक्षांची माणसे तीन वेगवेगळ्या दिवशी येऊन गेली. पहिल्यांनी शटरवर चिकटपत्र लावले, दुसऱ्यांनी दारावर झेंडा बांधला, आणि तिसऱ्यांनी पहिल्या दोघांचे का लावू दिले असे विचारून दम दिला. मी कोणाचेच काढले नाही, कारण काढणे हे लावण्यापेक्षा मोठे मतप्रदर्शन ठरते.

त्या हंगामात एका कुटुंबाने बस्ता समोरच्या दुकानात बांधला. त्यांच्या दोन पिढ्यांच्या लग्नांचे कापड आमच्याकडून गेले होते. ते काही बोलले नाहीत, भांडले नाहीत. आमच्याकडे शिवणकाम घेऊन येणाऱ्या शिंप्याकडून पुढे कळले की, 'शेठ आता त्या लोकांत गेले' असे त्यांच्या घरात ठरले होते. कोणत्या लोकांत, ते मला अजून कळलेले नाही, कारण शटरवर दोन पक्ष होते. मुळाकाठ यांनी निदान आवाज कमी करा असे सांगून तरी पाहिले. बहुतेक लोक तेवढेही करत नाहीत.

तिसरी गल्ली

कापडबाजार यांचा प्रतिसाद वाचून डोळे पाणावले. मात्र व्यापारी म्हणजे केवळ बळी, हे चित्र मला तरी आमच्या रस्त्यावर दिसत नाही. आमच्याकडे ज्या हॉटेलांच्या भिंतीवर सर्वांत मोठी छायाचित्रे आहेत, त्यांनीच फ्रंट मार्जिन (इमारतीपुढे मोकळी सोडायची जागा) पत्रे टाकून गिळलेले आहे, आणि उरलेल्या पदपथावर खुर्च्या मांडलेल्या आहेत. अतिक्रमण विभागाची गाडी येते, शेजारच्या भाजीवाल्या बाईंची हातगाडी उचलते आणि छायाचित्राकडे पाहून पुढे जाते. म्हणजे ते छायाचित्र हा खर्च नसून गुंतवणूक आहे. माझ्या आईला गुडघ्याच्या त्रासामुळे त्या खुर्च्यांना वळसा घालून रस्त्यावरून चालावे लागते. अशा हॉटेलात मी जात नाही, आणि त्यासाठी मला मालकाचे राजकीय विचार जाणून घेण्याची गरज वाटत नाही.

कापडबाजार

आमच्या दुकानापुढे फ्रंट मार्जिन नाही. पेठेतल्या जुन्या दुकानांना ते कधीच नव्हते. एका रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांचे पाप साऱ्या व्यापाऱ्यांच्या माथी मारण्याआधी आपण पेठ पाहिली आहे का, हे विचारावेसे वाटते. हातगाडीवाल्या बाईंची आपल्याला एवढी काळजी असेल, तर त्यांच्या गाडीच्या छत्रीवर कोणत्या नेत्याचे नाव छापलेले असते तेही कधी वर मान करून वाचावे. ती छत्री त्यांनी विकत घेतलेली नसते.

तिसरी गल्ली

छत्री फुकट मिळाली म्हणून उन्हात बसणारी बाई आणि पत्रे टाकून शंभर चौरस फूट सार्वजनिक जागा वापरणारा मालक आपल्याला एकाच तागडीत दिसतात, हे वाचून आपल्या दुकानातल्या मोजमापाविषयी चिंता वाटू लागली.

वकिली बाणा

कृपया दोघांनीही आवाज खाली आणावा. निवडणुकीच्या आदर्श आचारसंहितेत स्पष्ट तरतूद आहे की, कोणत्याही पक्षाने किंवा उमेदवाराने खासगी मालमत्तेवर मालकाच्या परवानगीशिवाय झेंडे, फलक किंवा पत्रके लावू देऊ नयेत. शिवाय मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे. ज्यांना छळ वाटतो त्यांनी तक्रार का करू नये? तक्रार नाही म्हणजे संमती आहे, असे ग्राहकाने समजले तर त्याचे फार चुकते असे मला वाटत नाही.

हिशेबनीस

परवानगी रीतसर मागितली जाते. सहा जण गल्ल्यापुढे उभे राहतात आणि त्यांच्यातला सर्वांत नम्र माणूस 'शेठ, लावू ना?' असे विचारतो. आचारसंहिता निकालानंतर उठते. ते सहा जण त्यानंतरही त्याच प्रभागात राहतात. वकीलसाहेबांनी एखाद्या किराणा दुकानदाराची अशी तक्रार विनामूल्य चालवायला घेतली, तर अशील मी मिळवून देतो.

एडिसनकर

अमेरिकेत मी राहतो तेथून वीस मैलांवरच्या जर्सी सिटीत गोया फूड्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीचे मुख्यालय आहे, म्हणून तिकडचा अनुभव सांगतो. जुलै २०२० मध्ये गोयाच्या प्रमुखांनी व्हाइट हाऊसमध्ये ट्रम्प यांची जाहीर स्तुती केली, आणि त्यांच्या राजम्याचे डबे घेऊ नका अशी मोहीम सुरू झाली. आमच्या ओळखीच्या अनेकांनी ते डबे सोडले. नंतर झालेल्या अभ्यासात दिसले की, ट्रम्पसमर्थकांनी उलट खरेदी केल्यामुळे विक्री पडण्याऐवजी सुमारे २२ टक्क्यांनी वाढली होती, आणि तीन आठवड्यांत ती पूर्ववत झाली. म्हणजे दोन्ही बाजूंचा आवेश महिनाभरही टिकला नाही.

मात्र एप्रिल २०२३ मध्ये बड लाइट बिअरने एका पारलिंगी समाजमाध्यम कलाकारासोबत छोटीशी जाहिरात केली, तेव्हा उलटे घडले. जे नेहमी पीत होते तेच चिडले, आणि शेजारच्याच फळीवर तशीच दुसरी बिअर त्याच भावात होती. दोन दशके अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर असलेली ती बिअर मे महिन्यात मोडेलो या दुसऱ्या बिअरच्या मागे गेली आणि ती तूट भरून निघाली नाही. नेहमीचे गिऱ्हाईक चिडले आणि पर्याय हाताशी असला तरच नकार टिकतो, एवढेच मला यातून दिसते.

मुळाकाठ

अमेरिकेतल्या राजम्याचे आमच्या मिसळीशी नाते जोडल्याबद्दल आभार. तरी शेवटचे वाक्य मला मान्य आहे, कारण ते माझ्याच बाजूचे आहे: मी नेहमीचा होतो आणि पुढच्या चौकात दुसरी मिसळ होती.

तिसरी गल्ली

इतक्या दूर कशाला जायचे? नोव्हेंबर २०१५ मध्ये आमिर खान यांच्या एका वक्तव्यावरून लोकांनी, ते ज्याची जाहिरात करत त्या स्नॅपडील या ऑनलाइन दुकानाचे ॲप काढून टाकले. कंपनीने त्या वक्तव्याशी आपला संबंध नाही असे जाहीर करूनही उपयोग झाला नाही. मार्च २०१९ मध्ये सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवर चिडलेल्या काही देशभक्तांनी तर मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल ॲपला एक तारा देऊन टाकला. ग्राहकाच्या सुज्ञपणाविषयी मुळाकाठ यांना जो विश्वास आहे तो मला त्या दिवसापासून राहिलेला नाही. मी फ्रंट मार्जिन पाहून ठरवतो. ते निदान टेपने मोजता येते.

पंचगंगा

येथे सगळेजण ग्राहकाचा नकार ही ॲपच्या काळातली गोष्ट असल्यासारखे बोलत आहेत. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा ते अस्पृश्य म्हणून लोक तेथे फिरकत नव्हते. प्रत्येक ग्राहक आपल्या पैशाने, आपल्या मर्जीने, शांतपणे दुसरीकडे जात होता. मुळाकाठ यांच्या व्याख्येनुसार कोणीच अन्याय करत नव्हते. शाहू महाराजांनी त्या हॉटेलापुढे गाडी थांबवून स्वतः चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. 'माझा पैसा, माझी मर्जी' एवढ्यावर विषय संपत असता, तर महाराजांना गाडी थांबवण्याचे कारण नव्हते.

मुळाकाठ

हे मात्र अति झाले. गंगाराम कांबळे यांच्या जन्माची आणि माझ्या मिसळवाल्याच्या पाटीची तुलना करणे हा कांबळे यांचा अपमान आहे. जात कोणी भिंतीवर लावत नाही आणि उतरवू शकत नाही. पाटी मालकांनी पैसे देऊन छापून घेतली होती. पंचगंगा यांनी हा दाखला माझ्याविरुद्ध वापरावा, याचा मला मनस्वी राग आला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

पंचगंगा

राग यावा म्हणूनच लिहिले होते. आपली पाटी वेगळी, हे मलाही दिसते. पण आपले अनुकरण करणारे सगळे पाटीपाशी थांबणार नाहीत. मालकाचे आडनाव वाचून त्याचा पक्ष ठरवणारे आणि मग 'आम्ही फक्त राजकारणामुळे जात नाही' असे सांगणारे लोक माझ्या नात्यात आहेत. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना नावे लावायला सांगितले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला स्थगिती दिली. मिळणारे अन्न कोणते ते लिहा, नाव लिहिण्याची सक्ती नको, असे न्यायालय म्हणाले. ते नाव वाचून ग्राहक काय करणार होता, हे सर्वांना ठाऊक होते.

वकिली बाणा

एक दुरुस्ती, म्हणजे कोणी उद्या कायदा घेऊन धावू नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून दुकानात किंवा उपाहारगृहात प्रवेश नाकारता येत नाही. राजकीय मत त्या यादीत नाही. आपल्या राज्याचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदाही समाजाने आपल्याच सदस्यावर टाकलेल्या बहिष्कारासाठी आहे. मिसळ न खाणाऱ्यावर गुन्हा दाखल होत नाही.

कापडबाजार

वाचून समाधान झाले. बस्ता न बांधणाऱ्यावरही होत नसावा.

मुळाकाठ, आपल्याला त्या उपाहारगृहातून उठण्याचा हक्क होता, हे मी कबूल करतो, आणि ते कबूल करताना मला आनंद होत नाही. पण दुकान सोडताना आपण तोंड उघडलेत. समोरून न बोलता गेलेल्या गिऱ्हाइकाला मी उत्तर तरी कसे देणार? 'अहो, हा झेंडा माझा नाही' एवढे वाक्य ऐकायला ते कुटुंब दोन मिनिटे थांबले असते, तर झेंडा कोणाचा हे मी सांगितले असते. काढला असता की नाही ते सांगता येत नाही.

मुळाकाठ

ठीक आहे. 'झेंडा दिसला की जाऊ नये' याऐवजी 'झेंडा दिसला की आधी विचारावे' असे मी माझ्या टिपणात बदलून घेतो, म्हणजे हिशेबनीसांना रात्री झोप लागेल. पाटी आणि वाहिनी यांना मात्र ही सवलत नाही. आणि पुढच्या निवडणुकीत ते सहा जण आले की आपण माझे नाव खुशाल पुढे करावे: एक चक्रम गिऱ्हाईक आहे, झेंडा पाहिला की परत जाते, म्हणून लावत नाही.

कापडबाजार

नाव पुढे करतो, पण ते पत्ताही विचारतील. तो देऊ का?

तिसरी गल्ली

पत्त्यांची देवाणघेवाण सावकाश होऊ द्या. पत्रे, खुर्च्या आणि फ्रंट मार्जिन यांविषयी मी दोनदा लिहिले, त्यावर एकाही व्यापाऱ्याने सरळ उत्तर दिलेले नाही.