ट्रिप अर्धीही झाली नाही आणि बजेटचे तीनतेरा, काय करू?

भटक्या_एकटा:
मंडळी, युरोपात एकटाच फिरतोय, हॉस्टेल, बस, स्वस्तातल्या फ्लाइट असं सगळं. निघायच्या आधी एक्सेलमध्ये रोजचा हिशोब बसवला होता, पण पैसे जातायत भलतीकडेच. आधी गेटवर बॅग त्या लोखंडी मापात घालायला लावली, नुसती चाकं बाहेर राहिली म्हणून जे घेतले ते तिकिटापेक्षा जास्त. मग हॉस्टेलवाल्याने चेक-इनला सिटी टॅक्स मागितला, तो पण कॅशच, आणि कॅश काढायला गेलो तर एटीएमचा चार्ज वेगळा. वर एका ठिकाणी डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवलीय ती रूम सोडली तरी सुटेना. तुम्ही लोक अशासाठी किती बाजूला ठेवता? आणि आता काटछाट कशात करू? मधूनच परत यायचं नाहीये.

विंडोसीट:
सिटी टॅक्स अचानक वगैरे नसतो हो, बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरात असतोच. इटलीत बऱ्याच शहरांत माणशी दर रात्री लागतो, अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०२४ पासून रूमच्या भाड्यावर १२.५ टक्के. व्हेनिसला तर काही ठरावीक दिवशी नुसतं दिवसभर फिरायला जाणाऱ्याकडूनही घेतात. पुढची बुकिंगं आजच उघडून वाच आणि टॅक्स धरून परत बेरीज कर, निम्मं टेन्शन तिथेच जाईल. राखीव म्हणाल तर मी एकूण खर्चाच्या १५ टक्के ठेवते.

विंचवाचं_बिऱ्हाड:
टक्केवारीचं मला कधी पटलं नाही. ट्रिप जितकी स्वस्त तितका राखीव पैसा कमी असं होतं मग, आणि फ्लाइट चुकली तर नवं तिकीट काय तुमचं बजेट बघून मिळणारे का. मी सरळ ऐनवेळचं परतीचं तिकीट आणि दोन रात्रींचा मुक्काम एवढे पैसे वेगळ्या कार्डात ठेवतो आणि ते कार्ड पाकिटात ठेवतच नाही.
एटीएमचं म्हणाल तर चार्ज दिसतो तरी, खरी मेख पुढच्या स्क्रीनवर असते. तिथे विचारतात की तुमच्या देशाच्या चलनात कापू का, आकडा ओळखीचा दिसतो, बटण पण मोठं, माणूस हो म्हणतो आणि रेट त्यांचा लागतो. कायम तिथलंच चलन निवडायचं, दुकानातल्या मशीनवर पण तेच. ईयूमध्ये, म्हणजे युरोपियन युनियनमध्ये, २०२० पासून हा मार्कअप (रेटवर चढवलेले जादा पैसे) टक्क्यांत दाखवणं बंधनकारक आहे, तो आकडा एकदा वाचा, परत त्या बटणाला हात लावणार नाही.

उंडगी:
डिपॉझिट डेबिट कार्डावर घेतलं का? मग तुझेच पैसे अडकलेत, क्रेडिट कार्ड असतं तर नुसती लिमिट अडकली असती. हॉस्टेलला मेल टाक की होल्ड रिलीज केल्याचं लेखी द्या आणि ते बँकेला पाठव, नुसतं वाट बघत बसू नकोस.
काटछाट झोपेत आणि जेवणात करू नको बाबा, आजारी पडलास तर सगळंच मुसळ केरात. शहरं कमी कर. प्रत्येक वेळी गाव बदललं की बस, बॅग, स्टेशनवरून हॉस्टेल, पहिल्या दिवशीचं बाहेर खाणं, सगळं नव्याने. एकाच ठिकाणी जास्त राहिलास आणि हॉस्टेलचं किचन वापरलंस तर फरक लगेच दिसेल.

भटक्या_एकटा:
डेबिटच होतं 😅 मेल टाकतो आत्ताच. दोन शहरं उडवतो, पण एक फ्लाइट आधीच बुक आहे, ती लेट झाली तर पुढची बस जाणार, त्याचं काय?

विंचवाचं_बिऱ्हाड:
ईयूमधून निघणारी असेल तर कंपनी कुठलीही असो, ईसी २६१ हा विमान प्रवाशांच्या हक्कांचा ईयूचा नियम लागू होतो. पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो मागता येतात. हवामान खराब वगैरे कारण असेल तर ते पैसे नाहीत, पण ताटकळत ठेवलं तर खाणंपिणं आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल तरी द्यावंच लागतं. काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही, मागायचं, आणि स्वतः खर्च केलात तर पावत्या जपून ठेवायच्या. बस वेगळी बुक केलीय ना, तिचं नुकसान सहसा तुमच्याच गळ्यात, त्यामुळे बदलता येणारं तिकीट मिळतंय का बघा.

विंडोसीट:
आणि इन्शुरन्सचा इमर्जन्सी नंबर फोनमध्ये सेव्ह कर. अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर शक्य असेल तर आधी त्यांना फोन, नाहीतर बिल तू भरायचं आणि क्लेमच्या मागे नंतर फिरायचं. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) लागते ती ३० हजार युरोची पॉलिसी बघून निवांत राहू नको, ती अट फक्त उपचार आणि परत पाठवण्यापुरती आहे. बॅग हरवली, फ्लाइट चुकली हे तुझ्या पॉलिसीत आहे का ते वेगळं बघावं लागेल.