मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत कबड्डीचा सराव कसा टिकवू?

नमस्कार मंडळी. मी ज्युनियर गटात चढाईपटू आहे. दिवाळीला गावी आलोय, क्लबचा सराव तुळशीच्या लग्नापर्यंत बंद. इथे मॅट नाही, सोबत खेळायला कुणी नाही. सोयाबीन निघालेलं रान मोकळं आहे, पण ढेकळांत पळायचं म्हणजे घोटा मुरगळायची भीती. म्हणून पहाटे पाझर तलावाच्या बांधावर पळतो, घरी जोर-बैठका मारतो.

पण नुसतं लांब पळून काय उपयोग? चढाई 30 सेकंदांची, त्यात सगळं झटक्याचं काम: बोनस (बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळवायचा गुण), टो टच (पायाच्या बोटांनी बचावपटूला शिवणं), पकडीतून निसटणं. त्यामुळे 30 सेकंद जीव तोडून पळायचं, मग थोडा दम खायचा, असं करावं म्हणतोय. किती फेऱ्या माराव्यात? रोज की दिवसाआड? आणि समोर बचावपटूच नसताना पायांची चपळाई कशी राखायची?

दुसरं संकट फराळाचं. आमच्या गटाला वजनाची मर्यादा 70 किलो, मी अगदी काठावर. आजी समोर बसून चकल्या वाढते, नको म्हटलं की रुसते! तुम्ही कसं निभावता? उपाशी राहून वजन उतरव असं मात्र सांगू नका, ते मला पटत नाही.