सिगार ‘कडक’ आहे म्हणजे नेमकी कशी आहे?

अर्धविराम
छोट्या कारखान्यात, मोजक्या संख्येत वळल्या जाणाऱ्या एका सिगारची टेस्टिंग नोट, म्हणजे चवीचं वर्णन, मराठीत करतेय आणि पहिल्याच ओळीला अडकलेय. मुळात म्हटलंय की सिगार फुल बॉडीड आहे पण स्ट्रेंग्थ मीडियम. आता बॉडीलाही आपण कडक म्हणतो आणि स्ट्रेंग्थलाही कडकच. संपादकांचं मत, दोन्हीकडे कडक लिहा, वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. मला वाटतं पडतो, कारण लिहिणाऱ्याने मुद्दाम दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात. स्ट्रेंग्थ म्हणजे निकोटिनचा जोर, डोक्यात जाणारा. बॉडी म्हणजे धूर तोंडात किती भरीव वाटतो ते. एखादी सिगार तोंडभर चव देते आणि डोकं जागेवर राहतं, एखादी चवीला फिकी पण उठताना तोल जातो. तर दोघींना वेगवेगळे बोलीतले शब्द हवेत, कोशातून घडवलेले नकोत.

शिवाय ‘बुटीक सिगार’चं काय करायचं? बुटीक म्हटलं की कपड्यांचं दुकान डोळ्यांसमोर येतं.

शेवटचा_बाक
स्ट्रेंग्थला आपल्याकडे शब्द तयार आहे, फक्त तो विशेषण नसून क्रियापद आहे. लागणे. सुपारी लागते, तंबाखू लागते. घाम फुटतो, मळमळतं, गरगरतं, हे सगळं त्या एका ‘लागली’मध्ये येतं. ‘चवीला भरगच्च, पण लागत नाही’ असं लिहा, ज्याला कळायचं त्याला लगेच कळेल. बॉडीसाठी ‘दाट’ घ्या. सायीचं दूध आणि पाणी घातलेलं दूध जिभेवर वेगळं जाणवतं, गोडी सारखी असली तरी. धुराचंही तसंच.

तळटीप
दाट मान्य. ‘लागणे’ मान्य नाही. मराठीत चवही लागते. ‘ही सिगार कडू लागते पण लागत नाही’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. टेस्टिंग नोटमध्ये तर प्रत्येक दुसरं वाक्य चवीचं असणार, तिथे हे क्रियापद दोन अर्थांनी वापरून कसं चालेल? जहाल आणि मवाळ ही जोडी घ्या. राजकारणाने ते शब्द इतके वापरले की मूळचा चवीचा अर्थ बाजूला पडला, पण जहाल तंबाखू म्हणणारे लोक अजून आहेत.

रानवाट
मी सिगार ओढतो त्यामुळे थोडं त्या बाजूने लिहितो. हा जोर येतो कुठून ते बघितलं तर शब्द निवडणं सोपं जाईल. तंबाखूच्या झाडाची खालची पानं म्हणजे वोलादो, ती पातळ असतात आणि छान पेटती राहतात, मधली सेको, तिच्यात सुवास, आणि वरची लिगेरो, तिला ऊन भरपूर मिळतं, पान जाड आणि तेलकट होतं आणि निकोटिन सगळ्यात जास्त तिच्यात. गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये लिगेरो म्हणजे हलकं, आणि पान सगळ्यात जबरदस्त! ते सावकाश जळतं म्हणून वळणारा ते बरोबर मध्यभागी ठेवतो. म्हणजे स्ट्रेंग्थ ही मुख्यतः आतल्या पानांची करामत. आणि लोक काय करतात तर बाहेरचं पान काळं दिसलं की ‘कडक आहे हां ही’ म्हणून मोकळे होतात. काळं पान म्हणजे बहुतेक वेळा मादुरो, ते जास्त काळ आणि जास्त उष्णतेत मुरवलेलं असतं, त्याने उलट गोडसर चव येते. मादुरोचा अर्थच पिकलेलं.

धूर छातीत घेत नाहीत हेही लक्षात घ्या. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच आत जातं. म्हणून सावकाश, बसल्या बसल्या चढतं. जहाल म्हटलं की पहिल्याच झुरक्याला घसा जळाला असं वाटतं, तसं ते नसतं. माझं मत ‘लागणे’ला. नाहीतर ‘चढणे’.

मोडी
चढणे दारूचं आहे, राहू द्या.
‘मुरवलेलं’ वाचून बरं वाटलं. पाठ्यपुस्तकात फर्मेंटेशनला किण्वन आहे, वर्तमानपत्रात आंबवणे. तंबाखूच्या पानाला आंबवलेलं म्हटलं तर वाचणारा आंबट चव शोधत बसेल. पानांचे मोठाले ढीग रचतात, ते आतून तापतात, अमोनिया निघून जातो, ढीग उलटेपालटे करून पुन्हा रचतात आणि हे महिनोन् महिने चालतं. याला मुरणं सोडून दुसरा शब्दच नाही. माणूससुद्धा कामात मुरतो.

तळटीप
किण्वन हा नेमका शास्त्रीय शब्द आहे, त्याला टाकून का द्यायचं? ‘मुरणे’ घेतलंत तर एजिंगला काय म्हणणार? वळून झालेल्या सिगारी सीडरच्या खोलीत पुन्हा ठेवतात ना, तेही मुरणंच. एका परिच्छेदात दोन वेगळ्या क्रिया आणि एकच शब्द! अर्धविराम यांची कडकबद्दल तक्रार हीच तर होती. बोलीतले शब्द गोड असतात पण ते भेद धरून ठेवत नाहीत, म्हणून घडवलेले शब्द लागतात. फिनिशलाही मी ‘अनुस्वाद’ सुचवेन. ध्वनीनंतर रेंगाळतं ते अनुरणन, चवीनंतर रेंगाळतो तो अनुस्वाद.

शेवटचा_बाक
आणि ‘अनुस्वाद’ वाचून कोण काय समजणार? अनुस्वाराची छपाईतली चूक वाटेल. ‘चव बराच वेळ जिभेवर रेंगाळते’ यात काय कमी आहे? तुम्ही स्वतःच समजावताना ‘रेंगाळतं’ लिहिलंत. इंग्रजीत नाम आहे म्हणून मराठीतही नामच हवं ही सक्ती कुणी केली? आपली भाषा क्रियापदांवर चालते. तोंडाला कोरड पडते, घसा खवखवतो, जीभ चरचरते, नाकाला झोंबतं. यातल्या प्रत्येकाचं नाम करून बघा, मजकूर मरतो.

रानवाट
झोंबणे अगदी नेमका! धूर थोडासा नाकातून सोडतात, रेट्रोहेल म्हणतात त्याला, आणि चवीतलं बरंचसं तिथेच कळतं. तिथे जो मिरीसारखा झटका बसतो त्याला इंग्रजीत पेपर किंवा स्पाइस म्हणतात आणि मराठीत सरसकट ‘तिखट’ लिहिलं जातं. तिखट जिभेवर. नाकाला झोंबतं.

कोरा_कागद
सीडरचा उल्लेख आलाच आहे म्हणून लिहितेय. टेस्टिंग नोटमध्ये ‘सीडर’ हमखास येतो आणि भाषांतरात त्याचा देवदार होतो. हे चूक आहे. सिगारच्या पेट्या आणि ह्युमिडॉर, म्हणजे सिगारी ओलावा राखून ठेवण्याचे डबे, ज्या लाकडाचे करतात ते स्पॅनिश सीडर, सेद्रेला ओदोराता, आणि ते सीडर नाहीच, तसं स्पेनचंही नाही, ते मध्य आणि दक्षिण अमेरिका, कॅरिबियन या भागातलं झाड. महोगनीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं, आणि त्याचा जवळचा नातलग म्हणजे तूण. तुणीला पूर्वी वनस्पतिशास्त्रात सेद्रेला तूना असंच नाव होतं. देवदार सूचिपर्णी, त्याचा राळेसारखा वास वेगळा. ज्याने देवदार हुंगलाय तो सिगारमध्ये तो वास शोधत राहील आणि त्याला मिळणार नाही. ‘तुणीच्या लाकडाचा वास’ लिहा.

मोडी
हे फार उपयोगी. पण तूण किती जणांनी हुंगलीय?

कोरा_कागद
देवदार तरी किती जणांनी? निदान खोटं तरी नको लिहायला.

अर्धविराम
तूण घेतेय. आता पुढची अडचण, ‘अर्थी’ (earthy, मातीसारखा) आणि ‘लेदर’. मातकट लिहिलं तर निंदा होते, मुळात ती स्तुती आहे. मृद्गंध म्हटलं की पहिला पाऊस येतो. आणि चामड्याचा वास मराठीत चांगल्या अर्थाने कुणी लिहिलेला मला तरी आठवत नाही.

रानवाट
स्पॅनिशमध्ये सिगारच्या तीन तृतीयांशांबद्दल एक बोलणं आहे, पहिला भाग एनो म्हणजे सुकं गवत, दुसरा दिविनो म्हणजे दैवी, तिसरा एस्तिएर्कोल म्हणजे शेण. ओढणारेच हे प्रेमाने म्हणतात. त्यांना शेण चालतं तर आपल्याला मातकट का नको? संदर्भ चांगला असला की शब्दही चांगला होतो. ‘ओल्या मातीचा, नव्या चामड्याचा वास’ असं लिहा, ते ‘नव्या’ महत्त्वाचं आहे.

पुनश्च
सगळं वाचलं. एक गंभीर मुद्दा मांडते. वर मवाळ सुचवलंय, अजून कुणी सौम्य सुचवेल. सौम्य म्हटलं की वाचणाऱ्याला अपाय नाही असं वाटतं. याच कारणाने युरोपीय संघाने २००३ पासून सिगारेटच्या पाकिटांवर लाइट, माइल्ड असे शब्द बंद केले. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका आहेच. तेव्हा माइल्डला ‘फिकी’ लिहावं, त्यातून चवीपलीकडे काही सूचित होत नाही.

तळटीप
पुनश्च यांचा मुद्दा रास्त आहे. मवाळ मागे घेतो, जहाल ठेवतो.
मात्र मला मुळात ‘सिगार’ हाच शब्द का घ्यायचा हे कळलेलं नाही. चिरूट असताना?

रानवाट
चिरूट वेगळा हो. चिरूट दोन्ही टोकांना सरळ कापलेला असतो. आपण बोलतोय त्या सिगारीचं तोंड टोपीने बंद केलेलं असतं, ते ओढण्याआधी कापावं लागतं. शिवाय आतली पानं, बांधणीचं पान, वरचं आवरण अशी तीन थरांची रचना, आणि जाडीचं मापही ठरलेलं, इंचाचा ६४वा भाग म्हणजे एक रिंग गेज. ५ इंच लांब आणि ५० गेज जाड अशी ती रोबुस्तो. हे सगळं चिरुटात कसं बसवणार?

मोडी
बसतं की. चिरूट मूळ तमिळ चुरुट्टु, म्हणजे गुंडाळलेलं. तोच शब्द पोर्तुगीज लोकांनी उचलला आणि आजही पोर्तुगीजमध्ये कुठल्याही सिगारला, टोपीवाल्या, बिनटोपीच्या, सगळ्यांना शारुतोच म्हणतात. दोन्ही टोकं उघडी हा भेद इंग्रजीने केला, तो मराठीने का पाळायचा? आणि सिगार तरी कुठून आला? माया भाषेतल्या धूम्रपानाच्या शब्दावरून म्हणतात, काही जण सिकाडा किड्याच्या स्पॅनिश नावावरून, सिगार्रा, आकार तसा दिसतो म्हणून. मला किडा पटत नाही, पण चुरुट्टुमध्ये निदान काम दिसतं, पान वळण्याचं.

कोरा_कागद
बुटीक कुणीच घेतला नाही म्हणून, तो ग्रीक अपोथेके म्हणजे कोठारापासून आलाय, स्पॅनिश बोदेगा त्याचाच भाऊ. सिगारच्या धंद्यात बुटीकची अधिकृत व्याख्या नाही, कुणी कमी उत्पादन पाहतं, कुणी कारखाना स्वतंत्र मालकीचा आहे का ते. ‘छोट्या कारखान्याची’ लिहिलंत तर खोटं ठरणार नाही.

शेवटचा_बाक
चिरुटाला माझी हरकत एकच, तो ‘तो’ आहे. इथे सगळे ‘ती सिगार’ लिहितायत.

तळटीप
ती सिगारेट, ती विडी, म्हणून ओढीने ती सिगार. फ्रेंचमध्ये सिगार पुल्लिंगी आणि सिगारेट स्त्रीलिंगी, कारण सिगारेट म्हणजे छोटी सिगार. त्या हिशोबाने मराठीतही तो सिगार हवा, आणि मी तसाच बोलतो.

शेवटचा_बाक
फ्रेंचचं लिंग मराठीला का लावायचं? कानाला ‘ती’ बसली, विषय संपला.

मोडी
संपला कुठे, अनेकवचन राहिलंच की. वर रानवाटांनी ‘सिगारीचं तोंड’ लिहिलंय आणि अर्धविरामांनी ‘सिगारची नोट’. ‘ती’ म्हणायची असेल तर तलवार-तलवारी या चालीने दोन सिगारी, सामान्यरूपही सिगारीचं, मग ‘सिगारचं’ सोडून द्या. मी सिगारी लिहितो आणि लिहीत राहणार.