मदत हवी आहे: कॅम्पेनमधल्या गुलामगिरीच्या कायद्यातून पार्टी दर वेळी पैसे फेकून सुटते

पांढरघाट_डीएम

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवरचा गोष्टीचा खेळ), पाचवी आवृत्ती, जग घरचंच बनवलेलं. खेळ चालवणारा, म्हणजे डीएम, मी; खेळाडूंचा गट म्हणजे पार्टी. पाच जण, लेव्हल ३, दर रविवारी धरमपेठेत बसतो. शहर पांढरघाट, नदीवरचं बंदर. इथं गुलामगिरी कायदेशीर आहे आणि ती मोडणं हाच कॅम्पेनचा (अनेक सेशनच्या सलग गोष्टीचा) गाभा. सेशन झीरोत (खेळाआधीच्या बैठकीत) सगळं ठरलंय: कोणीही मालक होणार नाही, लैंगिक अत्याचार टेबलावर येणार नाही, एक्स-कार्ड (उचललं की सीन थांबतो) मधोमध ठेवलेलं असतं. म्हणून "हा विषय घेऊच नका" हा सल्ला सोडून बाकी काहीही सांगा.

आत्ताचे नियम असे:

१. कर्ज थकलं की माणूस ते फिटेपर्यंत सावकाराच्या ताब्यात.
२. किंमत भरली की सुटका. साध्या मजुराचे ६० गोल्ड.
३. पळालेल्याला आसरा देणाऱ्याला फाशी.
४. प्रत्येक गुलामावर गीस स्पेल (आज्ञा लादणारी जादू).
५. गुलाम बाईची मुलं मालकाची.

घोळ असा होऊन राहिला की ६० गोल्ड म्हणजे एका हीलिंग पोशनपेक्षा १० जास्त. पार्टी थैली उघडते, सुटका, टाळ्या, सीन संपला. आणि नियम ३ मुळं पळालेला कोणी दिसला की एक तर पाठ फिरवतात, नाही तर शिपायांना कापतात. मधलं काहीच नाही.

पुढच्या रविवारी कोर्टाचा सीन आहे. एक नाववाली. बापानं ६० गोल्डच्या कर्जापोटी गहाण ठेवलेली, ३० महिने राबली, मग निघून गेली आणि २ वर्षं बंदरात उघडपणे नाव चालवते आहे. आता सावकार आलाय आणि म्हणतो, ६० चे ६० बाकी आहेत. हा सीन पैसे न फेकता खेळता येईल असा कायदा हवा.

वीसपैलू

आधी नियम ४ काढ बे. गीस पाचव्या लेव्हलचा स्पेल, टिकतो ३० दिवस. आज्ञा मोडली की ५ डी १० (पाच दहापैलू फासे) इजा, सरासरी २७.५. कॉमनरचे (साध्या माणसाचे) हिट पॉइंट, म्हणजे जीव, ४. पहिल्याच नकारात माल मेला, कोणता सावकार हे करेल? शिवाय लेव्हल ९ च्या क्लेरिककडं (जादू करणाऱ्या पुजाऱ्याकडं) पाचव्या लेव्हलचा एकच स्लॉट, म्हणजे दिवसाला एकदाच. रोज एकावर टाकला तरी महिन्यात ३० माणसं, एकतिसाव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असा क्लेरिक नोकरीला ठेवण्यापेक्षा दहा मुनीम स्वस्त पडतात. आणि मुनीम ठेवले की तुझा प्रश्नही सुटतो, कारण कागद चोरता येतो, वाचता येतो, खोटा ठरवता येतो.

आता हिशेब. नियमपुस्तकात अकुशल मजुराची मजुरी दिवसाला २ सिल्व्हर. गरिबीतलं राहणीमानही २ सिल्व्हर. म्हणजे नीट खाल्लं तर शिल्लक शून्य. त्याखालचं, उकिरड्यावरचं राहणीमान १ सिल्व्हर. तसं काढलं तर दिवसाला १ सिल्व्हर उरतो, महिन्याला ३० सिल्व्हर, म्हणजे ३ गोल्ड.

६० गोल्डवर महिना ५ टक्के व्याज लाव. किती होतं? बरोबर ३ गोल्ड. बाई ३० महिने राबली, ९० गोल्ड भरले, बाकी ६०. सावकार कोर्टात खोटं बोलतच नाहीये. तुझा व्हिलन आकड्यातच बसलाय.

तुमचा ड्रूइड (निसर्गाची जादू करणारा) गुडबेरी टाकत असेल तर तेही लक्षात ठेव: एका स्पेलच्या १० बेरी, एका बेरीवर एक माणूस दिवसभर निघतो. जेवणाचा खर्च कर्जात धरायचा असेल तर "जेवण मालकाच्याच कोठारातून घ्यावं लागेल" हे कलम लिही, नाही तर ड्रूइड एका सेशनमध्ये सगळी गोदी सोडवेल.

मोडीवाचक

वीसपैलूंचा हिशेब चोख आहे. व्याजाचा दर कुठून घ्यायचा तेवढं सांगतो, कारण सगळा सीन त्यावरच उभा राहील.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दरमहा शेकडा सव्वा पण (पण हे तेव्हाचं नाणं) हे धर्म्य व्याज. व्यापारी कर्जाला ५, जंगलातून माल नेणाऱ्यांना १०, समुद्रावर जाणाऱ्यांना २०. जोखीम वाढली की दर वाढतो. आता नाववालीच्या बापानं कर्ज कशासाठी घेतलं होतं? घर शाकारायला, की माल भरायला? सावकाराच्या वहीत "व्यापार" लिहिलंय, म्हणून ५ टक्के. पार्टीनं ते घरगुती होतं हे सिद्ध केलं तर दर सव्वा टक्का. महिना ३ गोल्ड भरत गेलं तर ६० गोल्ड चोविसाव्या महिन्यात फिटतात. ती राबली ३०. म्हणजे निघाली तेव्हा ती पळाली नाही, मोकळी होऊन गेली. उलट सावकारच तिचं किमान १८ गोल्डचं देणं लागतो.

एक खबरदारी. खेळाडूंपैकी कोणाला तरी दामदुप्पट आठवेल. तो नियम एका वेळी थकलेलं व्याज मुदलाच्या वर जाऊ देत नाही. इथं व्याज दरमहा वसूल होत गेलं, थकलंच नाही, म्हणून दामदुप्पट लागू होत नाही. तो १० टक्केवाल्यांना उपयोगी: ६० वर महिना ६ व्याज, भरणा ३, दरमहा ३ थकतात, २० महिन्यांत थकबाकी ६०. पुढं सावकाराला व्याज चढवता येत नाही. मग तो काय करतो? जुनं खत (कर्जाचा कागद) फाडून १२० चं नवं लिहून घेतो. व्याज मुदलात गेलं, घड्याळ पुन्हा शून्यावर. आपल्याकडं सालगड्याचा हिशेब पाडव्याला होतो, तसा पांढरघाटातही खतं बदलायचा एक दिवस ठेवा. त्या रात्री फाटकी खतं कुठं जातात हा अख्खा एक सेशन आहे.

बर्डीचा_रोग

(रोग म्हणजे चोर बे, आजार नाही, दर धाग्यात सांगावं लागते.)

कोर्टात बोलणार कोण? गुलामाला स्वतः दावा लावता आला तर पार्टी प्रेक्षक होते. रोमन कायद्यात स्वातंत्र्याच्या खटल्यात गुलाम स्वतः उभा राहू शकत नसे, त्याच्या वतीनं एक स्वतंत्र नागरिक उभा राहायचा, त्याला अ‍ॅसर्टर म्हणत. पार्टीतल्या एकाला अ‍ॅसर्टर कर. फक्त तो नागरिक असावा लागतो, म्हणजे आधी पार्टीनं कुठं नाव नोंदवलंय का, कर भरलाय का, हे बघणं आलं. हारला तर त्याचं काय जप्त होईल ते आधीच सांगून ठेव.

दुसरं, पुरावा कोणी द्यायचा? तिथं नियम होता: माणूस खटल्याआधी कपट न करता स्वतंत्र म्हणून राहत असेल तर सिद्ध करायची जबाबदारी मालक म्हणवणाऱ्यावर. गुलामीत असेल किंवा कपटानं मोकळा फिरत असेल तर जबाबदारी त्याच्यावर. तुझी नाववाली २ वर्षं उघड राहते. प्रश्न एकच उरतो, निघताना तिला आपलं कर्ज फिटलं असं खरंच वाटत होतं का. म्हणजे मोडीवाचकांचा हिशेब तिनं तेव्हा कोणाकडून तरी करवून घेतला होता का? तो माणूस शोधा. गोदीवरचा कारकून, देवळातला पुजारी, कोणीही.

पांढरघाट_डीएम

भाऊ, हे जाम भारी आहे. दोन शंका. झोन ऑफ ट्रुथ (घेरात खोटं बोलू न देणारा स्पेल) टाकून पार्टी पाच मिनिटांत सगळं संपवेल. आणि अर्थशास्त्राचं दासांचं प्रकरण जसंच्या तसं हँडआउट म्हणून छापू का?

वीसपैलू

झोन ऑफ ट्रुथ दुसऱ्या लेव्हलचा, लेव्हल ३ च्या क्लेरिककडं असणारच. टाकू दे. १५ फुटांचा घेर, १० मिनिटं, करिश्मा सेव्ह (स्पेल झुगारायचा फासा). कोण सेव्ह झालं ते फक्त टाकणाऱ्याला कळतं, त्यामुळं पार्टीचा क्लेरिक शपथेवर सांगेल तर सावकाराचा वकील त्याला पक्षपाती म्हणेल. कोर्टाचा स्वतःचा क्लेरिक हवा, आणि त्याची फी. शिवाय घेरातल्याला उत्तर टाळता येतं, फक्त खोटं बोलता येत नाही. सावकाराला खोटं बोलायची गरजच नाही. "वहीत व्यापार लिहिलंय का?" "हो." झालं. योग्य प्रश्न आहे "ते कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं?" तो सुचायला तपास लागतो, डाइस नाही.

मोडीवाचक

जसंच्या तसं छापू नका. त्या प्रकरणात अजाण मुलाला विकणाऱ्या नातेवाइकांचा दंड वर्णानुसार चढतो: शूद्र मुलासाठी १२ पण, वैश्यासाठी २४, क्षत्रियासाठी ३६, ब्राह्मणासाठी ४८. दीक्षाभूमीच्या गावात हा तक्ता गंमत म्हणून टेबलावर ठेवू नये. पांढरघाटात दंड गुन्हा करणाऱ्याच्या ऐपतीवर लावा.

बाकीचं मात्र सोनं आहे. गहाण माणसाकडून प्रेत, विष्ठा, मूत्र किंवा उष्टं उचलून घेतलं की मालकाचे पैसे बुडाले. म्हणजे पार्टीनं गोदीत नुसतं पाहून साक्षीदार उभे केले तरी एक माणूस सुटतो, एकही नाणं न देता. योग्य किंमत मिळूनही मोकळं न करणाऱ्याला १२ पण दंड. मालकाचं काम न बिघडवता स्वतः कमावलेलं दासाचं, बापाचा वारसाही त्याचा. मालकापासून दासीला मूल झालं तर आई आणि मूल दोघंही मोकळे. तुमच्या नियम ५ च्या नेमकं उलट, पण लैंगिक विषय बाहेर ठेवलाय तर हे कलम फक्त एखाद्या जुन्या कागदात येऊ द्या. आणि तुमच्या खटल्यासाठी सगळ्यात कामाचं: स्वतःला गहाण टाकणारा एकदा पळाला तर कायमचा गेला, दुसऱ्यानं गहाण टाकलेला दोनदा पळाला तर. तिला बापानं ठेवलंय. वाईटात वाईट निकालातही तिची एक चूक माफ आहे.

सुटकेचा विधी नारदस्मृतीतून घ्या, वाचून दाखवायला सुरेख आहे. मालक दासाच्या खांद्यावरचा पाण्याचा घडा घेऊन फोडतो, अक्षता-फुलांचं पाणी डोक्यावर शिंपडतो, तीनदा "अदास" म्हणतो आणि पूर्वेकडं तोंड करून पाठवतो.

बर्डीचा_रोग

नियम ३ राहिला. प्राचीन बॅबिलॉनच्या हम्मुराबीच्या संहितेत आसरा देणाऱ्याला मृत्यू आहेच, पण पकडून आणणाऱ्याला २ शेकेल चांदी पण आहे. फाशी काढ, बक्षीस ठेव. माझ्या मते पळालेल्यामागं ५ गोल्ड बक्षीस आणि आसऱ्याला दिवसाला १ गोल्ड दंड. आता पार्टीला रोज रात्री ठरवावं लागेल, आणि शेजारचा खानावळवाला ५ गोल्डसाठी काय करेल याची धास्ती राहील.

पैसे फेकण्यावर रोमचाच इलाज. सुटकेवर ५ टक्के कर (इ.स.पू. ३५७ पासून), आणि इ.स. ४ च्या कायद्यानं मालक २० च्या आत किंवा गुलाम ३० च्या आत असेल तर सुटकेला खास कारण आणि मंडळाची मंजुरी. देणेकऱ्यांना बुडवायला केलेली सुटका रद्द. म्हणजे पार्टीनं मालकाच्या हातावर ६० ठेवले, तो स्वतःच कर्जबाजारी निघाला, तर त्याचे सावकार म्हणतील हा सौदाच आम्हाला बुडवायला झाला. पार्टीचे ६० गेले आणि माणूस परत साखळीत.

पांढरघाट_डीएम

असं लिहितोय: "घरगुती कर्जावर दरमहा सव्वा टक्का, व्यापारी कर्जावर पाच. कर्जाचा प्रकार खतात लिहिलेला असावा. उघडपणे आणि कपटाविना एक वर्ष राहिलेल्याला गुलाम ठरवण्याचा पुरावा दावेदारानं द्यावा. दावा नोंदलेल्या नागरिकामार्फत चालेल. सुटकेचा कर ५ टक्के, घडा फोडल्याशिवाय सुटका पूर्ण नाही." चालेल?

कॅम्पेनच्या शेवटी हे सगळं कसं कोसळतं ते मात्र अजून सुचत नाही. राजानं बंदी घातली म्हटलं की फुसकं वाटतं.

मोडीवाचक

बंदी घालूच नका. ब्रिटिश हिंदुस्थानातला १८४३ चा कायदा क्रमांक ५ बघा. त्यानं कोणाला गुलाम ठेवणं हा गुन्हा केला नाही. एवढंच म्हटलं की कोणाच्या गुलामपणावरचा हक्क कोर्ट बजावून देणार नाही, हुकूमनाम्याच्या वसुलीत माणूस विकला जाणार नाही, गुलाम म्हणून कोणाची कमाई काढून घेतली जाणार नाही, आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा तो गुलाम म्हटलेल्याविरुद्धही गुन्हाच. खरेदी-विक्रीला शिक्षा १८६० च्या दंडसंहितेनं आली, ती लागू झाली १८६२ ला. मधली १९ वर्षं मालकाच्या हातात कागद होता, पण तो मानणारं कोर्ट नव्हतं. तुमचा शेवटचा भाग त्या मधल्या काळात ठेवा: मालकांकडं भाडोत्री गुंड आहेत, पार्टी लेव्हल ९ ला आहे, कोर्ट कोणाच्याच बाजूनं शिपाई पाठवत नाही.

वीसपैलू

मसुद्यात एक भोक आहे. खत कोणाकडं राहतं ते लिहिलं नाहीस. एकच प्रत आणि ती सावकाराकडं, तर रोग पहिल्या रात्री ती जाळेल आणि खटला संपला. दोन प्रती कर, दुसरी घाटावरच्या देवळात. दोन्हींतला "व्यापार" शब्द वेगळ्या शाईत असू दे, इन्व्हेस्टिगेशन डीसी १३ (तपासाच्या फाशात १३ गाठावे लागतील).

बर्डीचा_रोग

१५ ठेव. मला त्या फाशावर +७ आहे.